न तुटणाऱ्या चिलखताचा सांधा

...नाही, मी काय म्हणतो, नाही तुटत तर नाही तुटत ना! राहू दे की! कुणाचं काय अडलंय? पण नाही. रविवार आहे, सकाळचे नऊ वाजलेत, माणूस आठवडाभर जाळासमोर बसून आलाय, त्याला वाटतं जरा पाय पसरावेत, पेपर उघडावा, आणि वरच्या मजल्यावरून आवाज काय येतो? 'एक्केचाळिसाव्या भागात त्यानं अख्खा चंद्र वितळवला होता, विसरलीस?' की लगेच दुसरा आवाज, 'चंद्र काय, दगडाचा होता! दगड कोणीही वितळवेल!' कोणीही? अहो, मी एकतीस वर्षं वेल्डिंग करतोय, मी अजून एक दगड वितळवलेला नाही! पण मला कोण विचारतंय... विचारतात हो, तेच तर दुखणं आहे. विचारतात! 'बाबा, तुम्ही सांगा.' आणि तुम्हाला सांगतो, ज्या दोन वस्तूंवरून हे सगळं चाललंय ना, त्यातली एकही वस्तू या जगात नाही बरं का! एकही!

बसा, बसा. खुर्ची ओढून घ्या. येताना गेट गुडघ्याला लागलं नाही ना? लागलं? ...सगळ्यांना लागतं. चोळा जरा. त्याचं नंतर सांगतो.

तर माझा धंदा तुम्हाला माहितीये. गेट, ग्रिल, जिने, पाण्याच्या टाकीचे स्टँड. लोखंड कापायचं, लोखंड जोडायचं, संपलं. मला एक मुलगी. एकुलती एक. ती काय करते? तिजोऱ्यांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढते. म्हणजे तिजोरीचं दार केवढं जाड, आत पत्रे किती, चोराला किती वेळ लागला पाहिजे, हे सगळं तिच्या डोक्यात. बाप कापण्यातला आणि पोरगी न कापू देण्यातली! आणि तिनं नवरा कोण शोधावा? इस्पितळात एक्स-रे काढणारा. आता हा मनुष्य दिवसभर काय करतो, तर किरण सोडतो आणि लोकांच्या आरपार बघतो. त्याला वाटणारच ना, की किरण सोडला की काहीही आरपार जातं!

भेटले कुठे, विचारा. विचाराच. लग्नकार्यात? कॉलेजात? छे! भांडणात भेटले. मोबाइलवर म्हणे एक जागा आहे, तिथं जगभरचे रिकामे लोक जमतात आणि एकाच गोष्टीवर भांडतात... नीलास्त्र मोठं की अचलायस? आता नीलास्त्र म्हणजे काय, तर अंतराळावरच्या कुठल्याशा मालिकेतलं एक हत्यार. मला चित्र दाखवलं त्यानं. तुम्हाला सांगतो, हुबेहूब केस वाळवायचं यंत्र! पण त्यातून म्हणे निळा किरण येतो आणि समोरचं सगळं खलास. आणि अचलायस म्हणजे काय, तर चित्रकथेतला एक धातू. उल्केतून पडला. वाकत नाही, वितळत नाही, चरासुद्धा पडत नाही. त्याचं चिलखत घालून एक राणी हिंडते. एकशेबाराव्या अंकात ही बाई सूर्यात पडली. सूर्यात! आणि बाहेर आली. केस विंचरलेलेच! मी पोरीला म्हटलं, 'अगं, केसांना तर चिलखत नव्हतं ना?' तर माझ्याकडे अशी बघितली, जसं काही मीच अडाणी.

तर हे दोघं तीन वर्षं तिथं भांडले. नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही, नुसतं भांडण. ती त्याला लिहायची, 'तुला धातूतलं काय कळतं?' तो तिला लिहायचा, 'तू एकदा माझ्यासमोर येऊन हे बोल.' मग एक दिवस ती खरंच गेली समोर. आणि आठ महिन्यांनी मला येऊन सांगते, 'बाबा, मला एक मुलगा आवडलाय.' मी म्हटलं, कसा आहे? म्हणाली, 'अगदी चुकीचा आहे, पण हुशार आहे.'

मुलगा चांगला हो. खरंच चांगला. कपबशी स्वतः विसळतो. आमच्या हिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून दिला तेव्हा म्हातारीला धरावं तसं धरून चालवलं तिला, आणि ही म्हातारी नाही बरं का, ऐकत असेल ती आतून! मला आवडला. लग्नाच्या नोंदणीची तारीख ठरली, वीस तारीख. सगळं झालं. आता फक्त दर रविवारी तो यायचा, आणि दर रविवारी हे पेटायचं. चहा आला की सुरू. 'नीलास्त्राची ऊर्जा बघ!' 'अचलायसची घनता बघ!' 'सतरावा भाग!' 'सातवा अंक!' माझ्या डाव्या कानात किरण आणि उजव्या कानात धातू. आणि मधे मी, बिस्किट हातात, चहात बुडवलेलं, ते पडायचं कपात! चार महिन्यांत मी एक अख्खं बिस्किट खाल्लेलं नाही. आणि कशापायी? दोन्हीपैकी एकही वस्तू जगात नाही हो!

मग काय झालं, एक दिवस दोघं आले माझ्या वर्कशॉपवर. माझा डबा घेऊन आले होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मी कटर चालवतोय, ठिणग्या उडताहेत, आणि हे माझ्या डोक्यावर उभे राहून सुरू! मी त्या दिवशी इतका कंटाळलो होतो... इतका, की मी कटर बंद केला, डोळ्यांवरची काच वर केली, आणि म्हटलं, आज मिटवतो. मी काय मागे हटणारा आहे? एकतीस वर्षं!

मी म्हटलं, 'एक सांगा मला. त्या चिलखताच्या आत बाई आहे ना?'

'आहे.'

'बरं. आता इकडे बघा.' मी तो आत्ताच कापलेला तुकडा दाखवला, खाली पडला होता. 'कसा दिसतोय? काळा. गार. आमच्याकडे नवीन आलेला माणूस पहिली चूक कोणती करतो? हा तुकडा हातानं उचलतो. आणि मग आठ दिवस डाव्या हातानं जेवतो. लाल धातूला कोणी हात लावत नाही, भाजतं ते काळ्यानंच. तर तुमचं ते अचलायस... नाही तुटणार. मान्य! नाही वितळणार, मान्य! पण तापेल की नाही?'

पोरगी थबकली. आता ती प्रामाणिक आहे हो, तेच वाईट. हळूच म्हणाली, 'सातव्या अंकात... राणी उन्हात उभी असते... तिला चिलखतातून ऊब लागते. पान चार. म्हणजे एकशेबाराव्या अंकात सूर्यातून वाचली ती लेखकाची चूकच.'

'झालं तर! मग चिलखत शाबूत, बाई शिजली. धातूही जिंकला, किरणही जिंकला. तुम्ही दोघंही बरोबर. आता मला जेवू द्या.'

तो म्हणाला, 'हो की.' ती म्हणाली, 'बरोबर आहे.' तो म्हणाला, 'तीन वर्षांत कुणाला सुचलं नाही हे, काका.' मी छाती फुगवून डबा खाल्ला. संध्याकाळी घरी येताना शीळ घालत आलो. गेट उघडलं, माझ्याच नडगीला लागलं, तरी शीळ थांबली नाही.

पुढचा रविवार. तो आला. चहा आला. मी बिस्किट बुडवलं, वर काढलं, खाल्लं. अख्खं! शांतता. म्हटलं, वा! मग दुसरं खाल्लं. शांतता. तो म्हणाला, 'आज हवा बरी आहे.' ती म्हणाली, 'हो.' मी तिसरं खाल्लं. तो म्हणाला, 'काल जरा उकडत होतं.' ती म्हणाली, 'हो ना.' ...चौथं बिस्किट मी परत बशीत ठेवलं. तो मला विचारतो, 'काका, लोखंडाचे भाव काय म्हणतात?' मला! लोखंडाचे भाव! जो मनुष्य चार महिने माझ्याकडे बघून फक्त 'सांगा ना हिला' एवढंच बोलला, तो मला भाव विचारतोय! आणि आमची कन्या आत जाऊन चमचे पुसत बसली. धुतलेले चमचे. पुसलेले चमचे परत पुसत बसली.

त्याच्या पुढचा रविवार, तेच. हवा. उकाडा. चमचे.

मी आपला स्वतःला समजावतोय, लग्न जवळ आलं की माणसं गंभीर होतात. पण मग एका संध्याकाळी पोरगी माझ्याजवळ येऊन बसली, अशी जमिनीवर, लहान असताना बसायची तशी. म्हणाली, 'बाबा, तारीख पुढे ढकलू या का?'

वीस तारखेला अकरा दिवस राहिलेले. मी म्हटलं, 'काय झालं? काही बोलला का तो?'

'नाही ना. काहीच बोलला नाही. काल आम्ही बागेत दोन तास बसलो. मला त्याला काय सांगावं तेच सुचेना. तो म्हणाला, दमलीस का? मी म्हटलं, नाही. मग थोड्या वेळानं आम्ही उठलो.' आणि तिचे डोळे भरून आले. 'तो चांगला आहे, बाबा. पण आमच्यात आता काहीच उरलं नाही.'

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? मी आतल्या खोलीत गेलो. ही कपडे घडी करत होती. मान वर न करता म्हणते कशी, 'काय केलंत तुम्ही?'

'मी? मी काय केलं?'

'भांडण मिटवलंत ना त्यांचं? मला सांगितलं तिनं. चिलखत शाबूत, बाई शिजली!'

'अगं, मिटवलं तर वाईट काय? घरात शांतता...'

'शांतता!' हिनं उशीचा अभ्रा असा झटकला, की मी मागेच सरकलो. 'तीन वर्षं पोरं त्याच्यावर जगत होती आणि तुम्ही जेवणाच्या सुट्टीत निकाल लावून मोकळे! अहो, मला सांगा, आपलं गेटाचं भांडण पहिल्याच वर्षी मिटलं असतं, तर मी तुमच्याशी अठ्ठावीस वर्षं बोलले काय असते?'

...हां. आता गेट. माझ्या लग्नाच्या वर्षी मी हे गेट केलं. बाहेर उघडतं. ही पहिल्या दिवसापासून म्हणते, आत उघडायला पाहिजे. मी म्हणतो, आत पायरी आहे, पायरीला अडेल. ही म्हणते, नाही अडत, चार बोटं जागा आहे. मी म्हणतो, तीन! अठ्ठावीस वर्षं. तीन पोस्टमन बदलले, तिघांच्याही नडग्या फुटल्या, पण निकाल नाही. रोज निदान एकदा तरी निघतोच विषय. म्हणजे बघा, गेट तरी खरं आहे, लोखंडाचं आहे, लागतं. यांच्या तर दोन्हीपैकी एकही वस्तू जगात नाही!

ते जाऊ दे. मला झोप नाही. मीच मिटवलं, आता मीच बिघडवणार! पण मिटलेलं बिघडवायचं कसं? जोडलेलं तोडणं मला येतं, कापलेलं जोडणं येतं, पण हे... मी त्याला फोन केला. म्हटलं, 'अहो, माझं जरा चुकलंच त्या दिवशी, ते अचलायस काही तापायचं नाही.' तर तो इतक्या अदबीनं, 'नाही नाही काका, तुमचंच बरोबर आहे.' पोरीला म्हटलं, 'तो चंद्र वितळवला ते मला काही पटलं नाही बुवा.' ती म्हणाली, 'असेल बाबा.' असेल! जी पोरगी चंद्राच्या दगडाची जात सांगायची, ती म्हणते असेल! मी हबकलो. आता नऊ दिवस राहिले. मग आठ.

आणि मग वर्कशॉपवर एक बाई आली. तिच्या शिलाई मशीनच्या स्टँडचा पाय मोडलेला. तिनं तो टेबलावर ठेवला, आणि मी सवयीनं, बघा हं, नुसत्या सवयीनं विचारलं, 'आधी कुणी जोडलाय का हा? आणि कशानं?' आमच्या धंद्यात हे पहिलं विचारायचं. कुठलंही काम येऊ दे, हात लावायच्या आधी, आधी कुणी जोडलंय आणि कशानं जोडलंय. कारण धातू कोणता ते बाई सांगत नाही, जुना सांधा सांगतो. ती म्हणाली, 'मला काय माहीत, कंपनीनं जोडला असेल.' आणि माझ्या हातातला रॉड हातातच राहिला. कंपनीनं! अहो... त्या राणीचं चिलखत कुठल्या कंपनीनं जोडलं?

दुपारी दोन वाजता शटर ओढलं. त्या बाईला म्हटलं, उद्या या. ती म्हणाली, 'उद्या? वेल्डिंगचा एक डाग तर द्यायचाय!' मी म्हटलं, बाई, माझ्या मुलीचं लग्न मोडतंय. ती बिचारी पाय घेऊन निघून गेली.

संध्याकाळी दोघांना घरी बोलावलं. चहा आला. हवा बरी होती. मी बिस्किट बुडवलं आणि अगदी सहज, भिंतीकडे बघत म्हटलं, 'ते चिलखत... घडवलं कुणी?'

'घडवलं म्हणजे?' पोरगी.

'नाही, म्हणजे हात असतील त्याला, पाय असतील, कोपरात वाकत असेल. म्हणजे तुकडे आले, सांधे आले, बिजागऱ्या आल्या. आता धातू वितळत नाही. कापत नाही. वाकत नाही. मग लोहारानं काय केलं? हात जोडले? म्हणाला, धातूराव, जरा कोपरात वाका?'

शांतता. पण ही शांतता वेगळी हं! त्याच्या हातातला कप तोंडाशी जाता जाता थांबला. आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या डोळ्यांत एक असा उजेड आला... तो हळूच म्हणाला, 'म्हणजे... घडवायला ते एकदा तरी वितळवलंच असणार.'

'ए!' पोरगी.

'म्हणजे ते वितळवणारी ऊर्जा आहे!'

'ए, थांब!'

'म्हणजे नीलास्त्र...'

'थांब म्हणते ना! ते घडवलंच नाही कुणी! ते उल्केतून पडलं तेच चिलखताच्या आकारात पडलं!'

'तिच्या मापाचं?'

'हो!'

'दहा बोटांसकट?'

'हो! दहा बोटांसकट!'

'आणि बिजागऱ्या?'

'बिजागऱ्या तिनं नंतर साध्या लोखंडाच्या लावल्या!'

'मग मी बिजागरीवर किरण सोडणार!' तो उभा राहिला. 'अगं, तिजोरीवाली ना तू? दार केवढंही जाड कर, चोर बिजागरीच बघतो!'

'माझ्या तिजोरीची बिजागरी आतून असते!'

'तुझ्या तिजोरीत बाई नसते!'

आणि पेटलं! असं पेटलं, की चहा थंड, बिस्किट कपात, पोरगी सोफ्यावर गुडघे टेकून हातवारे करतेय, तो कपबशीचं चिलखत करून दाखवतोय, आणि हसताहेत हो मधूनमधून! ही आतून आली, दारात उभी राहिली, माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि परत आत गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सांगितलं, दुपारी काच न लावता डाग दिला एक. वेल्डरला ही एक सोय असते, डोळ्यांबद्दल कोणी विचारत नाही.

वीस तारखेला नोंदणी झाली. कचेरीतसुद्धा सुरूच. ती सही करता करता म्हणतेय, 'पण अंक नव्वदमध्ये...' तो म्हणतोय, 'आधी सही कर.' शेवटी ते साहेब, चष्मा काढून, म्हणाले, 'आवाज कमी करा.' मी म्हटलं, साहेब, माफ करा. तर साहेब खाली बघत पुटपुटतात, 'तसं बघायला गेलं तर बिजागरीचा मुद्दा बिनतोड आहे.' बिनतोड! सरकारी माणूस! साक्षीदार म्हणून आलेले दोघं आपसात भांडत बाहेर गेले. आणि दोन्हीपैकी एकही वस्तू... जाऊ दे, किती वेळा सांगू.

आता वरच्या मजल्यावरच राहतात दोघं. म्हणजे पूर्वी फक्त रविवारी होतं, आता रोज आहे. ऐकू येतंय ना? ते धाडकन वाजलं ते कपाट होतं. बहुतेक सूर्यात पडली बाई परत. मी आता मिटवत नाही काही. 'बाबा, तुम्ही सांगा' म्हणाले, की मी म्हणतो, विचार करतोय. मला एवढंच कळलंय, की घरात एक तरी गोष्ट अशी पाहिजे, जिचा निकाल लागता कामा नये.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. जवळ या जरा. ही आत आहे. ते गेट ना... चुकलंय. बिजागऱ्या उलट्या बाजूला लागल्या होत्या माझ्या हातून. नवीन लग्न, घाई, लक्ष कुठं होतं कामात! त्याच संध्याकाळी माप घेतलं, तर पायरीपाशी चार बोटं जागा. हिची चार! मला पहिल्या दिवसापासून माहितीये. अर्ध्या तासाचं काम आहे हो फिरवायचं, सामान सगळं घरात आहे. पण फिरवलं, तर उद्या सकाळी ही माझ्याशी बोलेल काय? हवा बरी आहे? ...नको. अठ्ठावीस वर्षं ज्याच्यावर काढली, ते असं फिरवून टाकायचं?

ऐकलंत? ओरडतेय बघा आतून. 'अहो, पाहुण्यांना सांगा, गेट जपून! उलटं लावून ठेवलंय मेलं!'

गेट बरोबर आहे! तीन बोटं जागा आहे तिथं!

...पुन्हा याल तेव्हा जरा मागे सरकून उघडा हं.